ड्रिलचा चक घट्ट राहत नसेल तर

कॉर्डलेस ड्रिलचा चक (भोक पाडणारे बिट पकडणारा पुढचा भाग) सारखा ढिला पडतो म्हणून लगेच नवा विकत घेऊ नका. आधी बॅटरी काढा आणि नेमके काय सुटते ते पाहा, कारण बिट जबड्यांतून निसटणे आणि अख्खा चकच स्पिंडलवर (ड्रिलच्या फिरत्या दांड्यावर) डुगडुगणे हे दोन वेगळे दोष आहेत.

आपल्या खानापूर भागात जांभ्याच्या भिंतींना भोके पाडताना तांबडी धूळ जबड्यांत जाऊन बसते आणि पावसाळ्याच्या दमटपणात ती घट्ट होते. त्यामुळे जबडे पूर्ण उघडून, चकचे तोंड खाली धरून तो ब्रशने नीट झाडावा, मशीन ऑइलचा एखादाच थेंब द्यावा (तेल जास्त झाले की धूळ उलट अधिक चिकटते) आणि चक काही वेळा उघडझाप करावा. बिट तिन्ही जबड्यांच्या बरोबर मध्ये बसले आहे ना, हेही तपासावे. नवशिक्यांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

चकच हलत असेल, तर जबडे उघडल्यावर बहुतेक ड्रिलमध्ये तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे सहसा उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. हे ठाऊक नसताना जोर लावला की त्याचे डोके झिजते. तो काढून चक स्पिंडलवर घट्ट फिरवा आणि आट्यांना मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावून स्क्रू उलट दिशेने आवळा. जबडेच झिजले असतील, तर मात्र जुना चक सोबत घेऊनच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा, कारण स्पिंडलचे आटे १/२ इंच किंवा ३/८ इंच असू शकतात.