घोट्याचा रिफ्लेक्स तपासताना

नुकतीच उमेदवारी सुरू केलेल्या तुम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते, की घोट्याचा रिफ्लेक्स (ठोका पडताच स्नायूने आपोआप दिलेला झटका) तपासताना रुग्णाचे पाऊल तळहाताने किंचित वर वळवून धरावे, मनगट सैल ठेवून हॅमर (तपासणीची रबरी हातोडी) त्याच्याच वजनाने अकिलीस टेंडनवर (टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर) पडू द्यावा आणि दोन्ही बाजूंची तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एकाच घोट्याचा प्रतिसाद मंदावला असेल तर एस १ या (कमरेखालच्या त्रिकास्थीच्या भागातील पहिल्या) नसेच्या मुळाचा, गुडघ्याचा मंदावला असेल तर एल ३ किंवा एल ४ या (कमरेच्या भागातील तिसऱ्या किंवा चौथ्या) नसेच्या मुळाचा संशय घ्यावा. एल ५ साठी मात्र भरवशाचा रिफ्लेक्स नाही, तिथे पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकदच पाहावी लागते. वयोमानाने दोन्ही घोट्यांचे रिफ्लेक्स जाऊ शकतात, हेही ध्यानात असू द्यावे. बसण्याच्या जागी बधिरता आली असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर कण्याच्या तळाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब असू शकतो, म्हणून रिफ्लेक्स चांगले असले तरी रुग्णाला तातडीने एमआरआयसाठी पाठवावे.