१४ पैकी ४ गुण आले म्हणजे बाबांचं जेवण वाईट आहे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले. बाबा ६६ वर्षांचे, माळकरी, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. आहारतज्ज्ञांनी १४ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, त्यात ४ गुण आले. तुम्हाला विचारायचंय की हा आकडा कितपत खरा आणि आहार नीट पाळला जातोय का ते घरी कसं मोजायचं. पण मध्येच तुम्ही आईचं एक वाक्य लिहून गेलात, "मग चाळीस वर्षं मी काय विष रांधलं का?" मला तेच लागलं.

आईंना आधी सांगा की त्या ४ गुणांत त्यांच्या स्वयंपाकाचा दोष फारसा नाही.

तुम्ही दिलेल्या प्रश्नांवरून फॉर्म ओळखू येतो. स्पेनमध्ये ५५ ते ८० वयाच्या साडेसात हजारांच्या आसपास लोकांवर प्रेडिमेड नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात भूमध्य सागराकाठचा आहार कोण किती पाळतो हे पाहायला हीच १४ प्रश्नांची यादी वापरली होती. (त्या अभ्यासाचा २०१३ चा मुख्य लेख २०१८ मध्ये मागे घेऊन, चुका दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, पण निष्कर्ष जवळपास तोच राहिला.) स्पेनमधल्या माणसासाठी फॉर्म उत्तम आहे, पाच मिनिटांत भरून होतो. आता तो माळकऱ्यापुढे ठेवून बघा. ऑलिव्ह तेलाचे दोन गुण गेले. आठवड्याला सात पेले वाइनचा एक गेला. मासे गेले. ऑलिव्ह तेलात परतलेल्या कांदा-टोमॅटो-लसणाच्या सॉसचा एक गेला. लाल मांसाऐवजी कोंबडी खाता का, या प्रश्नाला बाबांनी काय उत्तर द्यायचं? तोही गेला. म्हणजे शाकाहारी, निर्व्यसनी, करडईच्या तेलात स्वयंपाक होणाऱ्या घरातल्या माणसाने कितीही नेटाने पाळलं तरी १४ पैकी ८ च्या वर जाता येत नाही. हे फॉर्म देतानाच सांगायला हवं होतं.

आता मी इतकी का चिडते ते सांगते.

२०१४ साली मी एका प्रकल्पावर क्षेत्र अन्वेषक होते. घरोघर जायचं, माणसांना बसवून खाण्यापिण्याची माहिती घ्यायची. फॉर्म हाच, पुण्यात बसून मराठीत केलेला. मराठवाड्यातल्या एका गावात एका मावशींकडे गेले. पन्नाशीच्या असतील. चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या, मी शेजारी पाटावर बसून विचारत होते.

"मावशी, आठवड्यातून किती वेळा सुकामेवा खाता?"

त्या हसल्या. "सुकामेवा? ते मोठ्या लोकाचं खाणं, बाई. आमाला कुठला."

मी शून्य लिहिलं. लिहिता लिहिता नजर समोर गेली. दगडी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी अर्धी कुटलेली, शेजारच्या डब्यात दाण्याचं कूट, आणि चुलीवरच्या अंबाडीच्या भाजीत तेच कूट. मूळ स्पॅनिश फॉर्ममध्ये त्या प्रश्नात शेंगदाणेही धरावेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे, ३० ग्रॅमचा एक वाटा, आठवड्यातून तीनदा. भाषांतर करणाऱ्याने कंसातला तेवढा मजकूर गाळला आणि "सुकामेवा" लिहून मोकळा झाला. मराठीत सुकामेवा म्हटलं की काजू-बदाम. रोज दाणे खाणारी बाई शून्यावर गेली. डाळींचंही तेच झालं. "शेंगवर्गीय पदार्थ" असं छापलेलं, त्यांनी गवार आणि शेवगा सांगितला. रोजचं वरण कुणी धरलंच नाही.

पुढचा प्रश्न, दिवसातून दोनदा तरी भाजी असते का? "दोन्ही वक्ताला कोरड्यास करतेच की." म्हणजे हो, एक गुण.

त्या दिवशी मी पुढच्या घरी गेले नाही. माझ्याकडे काटा होता, मापाच्या वाट्या होत्या. मावशी जेवेपर्यंत थांबले. आधी मालक जेवले, मग मुलगा, मग शाळेतून आलेली नातवंडं, मग सून बाळाला पाजून जेवली. मावशी बसल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. ताटात दीड भाकरी, कच्चा कांदा, चटणी. कढईत भाजी उरलेली नव्हती, कडेला लागलेली त्यांनी भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतली. मी ताटाचं वजन आधी आणि नंतर असं केलं. भाजी भरली ३५ ग्रॅम. फॉर्मप्रमाणे एक वाटा २०० ग्रॅमचा, असे दोन हवेत.

आता बघा काय झालं. जे त्या खरंच खात होत्या त्याचा गुण गेला आणि जे त्यांच्या ताटात पडतच नव्हतं त्याचा मिळाला. शेवटी बेरीज झाली ५. चुकांनी एकमेकींना झाकलं, आकडा अगदी साळसूद दिसायला लागला.

मी फॉर्मच्या समासात हे सगळं लिहून आणलं. दाण्यांचं, डाळीचं, ३५ ग्रॅमचं. आमच्या प्रकल्पप्रमुख सरांनी बैठकीत तो कागद वर धरून सगळ्यांसमोर सांगितलं, "रकान्याच्या बाहेर कुणीही लिहायचं नाही. ही प्रमाणित प्रश्नावली आहे, एक शब्द बदलला तर जगातल्या कुणाशी तुलना करता येणार नाही." माझे समास टायपिंगला गेलेच नाहीत. मी म्हटलं होतं, सर, चुकीच्या आकड्याची तुलना करून काय मिळणार? त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या टप्प्यात मला घेतलं नाही.

तुलनेचाच मुद्दा असेल तर ग्रीसचं उदाहरण पाहा. तिथल्या भूमध्य आहाराच्या ० ते ९ गुणांच्या मापात बहुतेक पदार्थांची रेषा त्याच लोकांच्या मध्यकावर आखतात, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात त्या आकड्यावर. शेजारपाजाऱ्यांपेक्षा भाजी जास्त खाल्ली की गुण मिळतो. म्हणजे गाव बदललं की रेषा सरकते. अमेरिकेचा आहार मोजायचा १०० गुणांचा निर्देशांक तिथल्या सरकारी आहार-सूचनांवरून बांधलेला आहे. प्रत्येकाने आपापल्या ताटावरून माप काढलं, मग आपणच दुसऱ्याचं माप आपल्या ताटावर का ठेवायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्यासाठी ताट आखून दिलेलं आहे. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, दाणे-तीळ-जवस मिळून ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. बाबांना यावर मोजा.

कसं मोजायचं? गुण देत बसू नका. घरातल्या वाटीत पाणी भरून ते मापाच्या भांड्यात ओता आणि आपली वाटी किती मिलीची आहे ते कळू द्या. मग लागून नसलेले तीन दिवस निवडा, त्यातला एक रविवार. एकादशी धरू नका. त्या दिवशीच्या साबुदाण्यावरून माळकरी माणसाचा आहार ठरवला तर सगळंच फसेल. "काल काय खाल्लं" असं नुसतं विचारू नका, उठल्यापासूनचा दिवस त्यांच्याबरोबर चालत या. देवपूजेनंतर काय, देवळातून येताना काय, कुणाकडे चहा झाला, त्याबरोबर काय होतं. भजनाला गेल्यावर हातावर पडलेला प्रसाद कुणी जेवणात धरत नाही.

तेल आणि मीठ मात्र माणसाला विचारून कळत नाही, ते किराणावरून काढा. चार माणसांच्या घरात २७ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास तेल-तूप लागायला हवं. मिठाची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. माणशी ५ ग्रॅमने चार जणांना एक किलो ५० दिवस पुरायला हवं. ती महिन्यातच संपत असेल तर १४ प्रश्नांपेक्षा ती पुडी जास्त खरं बोलते. विकतचं लोणचं, पापड, फरसाण त्यात येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष मीठ त्याहून जास्तच धरा.

आहारतज्ज्ञांशी भांडू नका. त्यांना एवढंच विचारा की शाकाहारी माणसाला यात जास्तीत जास्त किती गुण पडू शकतात. त्यांनी विचार केला असेल तर उत्तर तयार असेल. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र माझं वाचून एकदम पालेभाज्या वाढवू नका, काही गोळ्यांचं पालेभाजीशी गणित असतं. आधी डॉक्टरांना विचारा. साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर वरचे ग्रॅमही जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

सरांचं एक म्हणणं बरोबर होतं, हे मला नंतर पटलं. प्रत्येकाने आपल्या मनाने प्रश्न बदलले तर कुणाचंच माप कुणाला उपयोगी पडणार नाही, आणि बदललेला फॉर्मही आधी तपासून पाहावा लागतो. पण ते तपासण्यासाठीच माझे समास होते. कंसातला मजकूर गाळला तेव्हाच फॉर्म बदलला होता, आणि ते काही मी केलं नव्हतं.

आणखी एक. तीन दिवस मोजणारच आहात तर आईंचंही ताट काट्यावर ठेवा. वाढून ठेवलेलं नाही, त्या स्वतः जेवायला बसतील तेव्हाचं.