क्रिएटिनीन नॉर्मल असताना किडनीची बायोप्सी कशाला?

लघवीला फेस येतोय, तपासणीत प्रोटीन आणि रक्तपेशी निघाल्यात, क्रिएटिनीन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की रक्तात वाढतो) मात्र नॉर्मल. तरी डॉक्टर बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर करून घ्या. मीही ‘क्रिएटिनीन ठीक आहे ना’ म्हणत आठ महिने घालवले, त्याची हळहळ अजून वाटते.

एकेका किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते. काही निकामी झाल्या की उरलेल्या त्यांचं काम ओढतात, म्हणून निम्मं काम थांबेपर्यंत क्रिएटिनीन नॉर्मल दिसू शकतं. गाळण्यांना सूज आलीय हे लघवी त्याच्या कितीतरी आधी सांगते.

माझा घसा धरला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. जळजळ नाही, दुखणं नाही. इन्फेक्शन समजून मी अँटिबायोटिक घेतलं. खरं तर घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतरची किडनीची सूज बहुधा १ ते ३ आठवड्यांनी दिसते. घसा दुखतानाच लघवी लाल होणं ही आयजीए नेफ्रोपॅथीची खूण. यात आपल्याच आयजीए अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, गाळण्यांत साचतात. १९६८ साली पॅरिसमध्ये बर्जे आणि हिंग्ले यांनी हा आजार पहिल्यांदा ओळखला, तोही बायोप्सीच्या तुकड्यांवरूनच. आजही रक्ताच्या एखाद्या तपासणीवरून तो पक्का ठरत नाही. ल्युपसमुळे (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आलेली सूज किंवा मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा गाळण्यांचा दुसरा आजार, लघवीच्या रिपोर्टात बरीचशी सारखीच दिसते, औषधं मात्र वेगळी. अंदाजाने स्टेरॉइड घेण्यापेक्षा सुईने काढलेला तुकडा बरा.

भीती वाटणं साहजिक आहे. मला पालथं झोपवलं, पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं. सोनोग्राफीत बघत डॉक्टर म्हणाले, “श्वास रोखा,” आणि स्टेपलरसारखा खट् आवाज झाला. तसं दोनदा. नंतर कितीतरी तास उताणं पडून राहायचं. सिस्टर दर वेळी लघवीचा रंग उजेडात धरून बघायच्या. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

बायोप्सी होईतोवर बीपी रोज लिहून ठेवा, आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. पाय-चेहरा सुजला, लघवी कमी झाली किंवा क्रिएटिनीन काही दिवसांतच चढू लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, जा.