रात्री पावणेदोनचा ईमेल

"मॅडम, नियम तर सगळ्यांसाठीच बदलले ना? मग माझीच झोप का उडाली? माझं मनच कच्चं आहे का?"

मी समुपदेशक आहे. ज्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर कमाई होते त्याने नियम बदलले की हा प्रश्न येतो, अलीकडे मला तो बऱ्याच जणांनी विचारला आहे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणारे, ऑनलाइन शिकवण्या घेणारे, ॲपवर गाडी चालवणारे. पण तो इतक्या सरळ शब्दांत पहिल्यांदा विचारला नाशिकच्या एका चित्रकार मुलीने. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तिची हकीगत सांगते.

वय ३३. उपयोजित कलेची पदवी. लग्नानंतर जाहिरात एजन्सीतली नोकरी सुटली, मुलगी झाली. मुलगी थोडी मोठी झाल्यावर ती एका परदेशी प्रिंट ऑन डिमांड संकेतस्थळावर डिझाइन टाकू लागली. हा व्यवहार माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चित्रकाराने डिझाइन अपलोड करायचं, अमेरिकेत कुणी ते टी-शर्टवर, मगवर किंवा स्टिकरवर मागवलं की ती वस्तू तेव्हाच तिकडे छापली जाते आणि तिकडूनच घरपोच जाते. गोदाम नाही, कुरिअर नाही. विक्रीतला ठरलेला वाटा चित्रकाराला. एका स्टिकरमागे तिला तीसेक सेंट सुटायचे.

तिची १,३०० डिझाइन होती. नर्ससाठी, ग्रंथपालांसाठी, मांजरवेड्यांसाठी. घरी गणपतीचं मखर लागत असताना ही ख्रिसमसची झाडं रंगवत बसलेली असायची, कारण सणाची डिझाइन दोन-तीन महिने आधी चढवावी लागतात. बऱ्यापैकी महिन्यात २०-२२ हजार रुपये यायचे, वर्षअखेरीला दुप्पट.

मग एका रात्री पावणेदोनला ईमेल आला. तिकडे तेव्हा दुपार असते. यापुढे खात्यांच्या पायऱ्या असतील, खालच्या पायरीवरच्यांच्या कमाईतून दरमहा शुल्क कापलं जाईल, आणि पायरी ठरवण्याचा अधिकार आमचा. ही खालच्या पायरीवर. पहिल्याच महिन्यात १८ हजारांतले ६ हजार गेले.

ती आली तेव्हा दीड महिना नीट झोपलेली नव्हती. रात्री दर अर्ध्या तासाने फोन उघडून आकडे बघायची. मी आधी विचारलं, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? नाही म्हणाली. हो म्हणाली असती तर पुढचा सगळा क्रम वेगळा झाला असता, मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवलं असतं. (वाचणाऱ्यांपैकी कुणाचं उत्तर "हो" असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मराठीत बोलता येतं. फोन करा.)

त्या दिवशी मी तिला श्वासाचे व्यायाम दिले, फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवायला सांगितला. दुसऱ्या आठवड्यात ती आली ती आणखी उतरलेल्या चेहऱ्याने. माझं चुकलं होतं. तिच्या भीतीला कारण होतं, खऱ्या पैशांचं कारण, आणि मी ते ऐकून घेण्याआधीच ती भीती शमवायला निघाले होते.

मग तिला म्हटलं, तो ईमेल छापून आणा, इथे बसून वाचू.

तिने आणलेला कागद चार घड्या घालून इतका हाताळलेला होता की घडीवरची अक्षरं पुसट झाली होती. एकाच शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा: स्टँडर्ड. तिच्या पायरीचं ते नाव.

"स्टँडर्ड म्हणजे साधारण ना, मॅडम? इतक्या वर्षांनी साधारण?"

आम्ही वाक्य न वाक्य मोठ्याने वाचलं. प्रत्येक वाक्यापाशी मी एकच विचारत होते, यात तुमच्या चित्रांबद्दल काय लिहिलंय? कशातच काही नव्हतं. रेषेबद्दल नाही, रंगाबद्दल नाही. तिची मांजरं तिथल्या कुणी माणसाने डोळ्यांनी बघितली असतील असंही त्या पत्रात कुठे दिसत नव्हतं. वाचता वाचता मलाच राग येत होता. खातं उघडताना याच लोकांनी तिला "आपल्या कलाकारांच्या परिवारात स्वागत" म्हणून पत्र पाठवलं होतं. परिवार म्हणून बोलवायचं आणि नोटीस भाडेकरूला देतात तशी द्यायची, याने माणूस दुखावतोच.

तिचं संकेतस्थळ कोणतं ते सांगणार नाही. असे बदल अनेक ठिकाणी झाले आहेत. २०२३ या एकाच वर्षात रेडबबल आणि सोसायटी सिक्स या अशाच दोन संकेतस्थळांनी चित्रकारांकडून पैसे घ्यायच्या नव्या पद्धती आणल्या. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांच्या एट्सी या संकेतस्थळाने विक्रीवरचं शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली ऑनलाइन दुकानं बंद ठेवली होती. हे तिला सांगितलं आणि विचारलं, त्या सगळ्यांची मनं कच्ची होती का? ती पहिल्यांदा थोडी हसली.

पण झोप काही परतली नाही. कुठेतरी धागा सुटत होता. तिसऱ्या सत्रात मी आकडे बाजूला ठेवले आणि विचारलं, हे पैसे घरात कुठे जातात?

बराच वेळ ती पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. मग सांगू लागली. मुलीच्या शाळेच्या व्हॅनचे आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचे पैसे ती देते. सुरुवातीला सासूबाई शेजारणीला म्हणायच्या, "आमची सून चित्रं काढत बसते." पहिल्यांदा गोळ्या तिने आपल्या पैशांनी आणल्या, तेव्हापासून "आमची सून कामात आहे" म्हणू लागल्या. ईमेलनंतर पैसे कमी पडले, ते तिने माहेरहून मिळालेली एफडी मोडून भरले. दोन महिने. कुणाला कळू दिलं नाही. नवऱ्यालाही नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला ती खोटं बोलत होती. रात्री पावणेदोनला जाग यायची ती त्या खोट्याने.

"माझीच झोप का उडाली" याचं उत्तर तिच्यापुरतं इथे सापडलं. नियम सगळ्यांना एकच असतो. तो येऊन पडतो कुठे, ते ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून. कुणाच्या कर्जाच्या हप्त्यावर, कुणाच्या "मी नोकरी सोडून बरोबर केलं" या हट्टावर. तिच्या बाबतीत तो पडला स्वयंपाकघरातल्या गोळ्यांच्या डब्यावर. म्हणून असं कुणी आलं की मी आता टक्केवारी नंतर विचारते. आधी विचारते, या पैशांनी घरात काय तोलून धरलं होतं?

नवऱ्याला सांगायचं वाक्य आम्ही सत्रात चार वेळा म्हणून बघितलं. तिने सांगितलं. तो म्हणाला, "मग सोड ना ते." ती ढसाढसा रडली. पुढच्या वेळी मी त्याला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्याला काही ठाऊकच नव्हतं. तिने लॅपटॉप उघडून सगळी डिझाइन दाखवली. तो खाली सरकवत राहिला, सरकवत राहिला. "एवढी?" म्हणाला. एका अमेरिकन नर्सने तिचा टी-शर्ट घालून काढलेला फोटो अभिप्रायासोबत टाकला होता, तो त्याने मोठा करून बघितला.

हिशेबाचं काम मग दोघांनी मिळून केलं. गेल्या दोन वर्षांत विकली गेलेली डिझाइन निघाली ९०च्या आसपास. ती निवडून आणखी दोन ठिकाणी चढवली. मूळ फाइली हार्डडिस्कवर घेतल्या, कारण खातं गेलं तर तिथली गिऱ्हाइकं आपली राहत नाहीत, चित्रं मात्र राहायला हवीत. अमेझॉनच्या मर्च या अशाच छापून विकणाऱ्या सेवेसाठी अर्ज केला. तिथे नव्या माणसाला सुरुवातीला १० च डिझाइन टाकता येतात. पुन्हा तळची पायरी! हे सांगताना तिचा आवाज कापला नाही, याची मी नोंद केली. जुनं खातं तिने ठेवलं. ते रागाच्या भरात मध्यरात्री बंद करू नका एवढं मात्र मी बजावलं होतं, असा निर्णय दिवसाउजेडी आणि सोबत कुणीतरी बसलेलं असताना घ्यावा. व्हॅनचा खर्च घरखर्चात गेला. दर महिन्याला चुकवता न येणारी गोष्ट एकाच संकेतस्थळाच्या पैशांवर टांगून ठेवायची नाही, असं त्यांनी दोघांनीच ठरवलं.

शेवटच्या सत्राला ती १ तारखेनंतर आली. सासूबाईंनी नेहमीसारखं विचारलं होतं, "या महिन्यात किती आले गं?"

"साडेबारा हजार, आई. आता एवढेच येतात."

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं. गोळ्या पेन्शनमधून आणते मी." आणि पुन्हा मेथी खुडायला लागल्या.

अजून आठवड्यातून एखाद्या रात्री तिला जाग येते. फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी असतो. पाणी प्यायला जाते तेव्हा तो दिसतो, कधी हातात घेते, कधी नाही.