जीपी सर्जरीतल्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या, अपॉइंटमेंटचं कोडिंग (कामाच्या प्रकारानुसार नोंद) कसं सुधारायचं? आमचे प्रसिद्ध होणारे आकडे खऱ्या कामाशी जुळतच नाहीत.

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या एका सर्जरीत तुम्ही नुकत्याच मॅनेजर म्हणून रुजू झालात. डॉक्टर आणि नर्स दिवसभर मान वर करत नाहीत, तरी एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) मासिक आकड्यांत तुमची सर्जरी शेजारच्यांपेक्षा मागे दिसते. मी याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की धरा: हे आकडे तुमच्याच अपॉइंटमेंट बुकमधून जातात. सर्जरीचं सॉफ्टवेअर एमिस असो वा सिस्टमवन, तिथे जे नोंदलं तेच वर पोचतं. नोव्हेंबर २०२२ पासून प्रत्येक सर्जरीचे आकडे वेगळे प्रसिद्ध होतात, स्थानिक वर्तमानपत्रं त्यांची क्रमवारी लावून छापतात आणि दुसऱ्या दिवशी बोलणी खाते ती रिसेप्शनवरची मुलगी. त्यामुळे मला हा विषय कागदपत्रांचा वाटत नाही, माणसांचा वाटतो.

सुरुवात स्लॉटच्या, म्हणजे बुकमधल्या वेळांच्या प्रकारांच्या, यादीपासून करा. बहुतेक सर्जऱ्यांत ही यादी वर्षानुवर्षं साठत गेलेली असते: ‘टेलिफोन २’, ‘नर्स २० मिनिटं’, ‘सोमवार जादा’, सोडून गेलेल्या एखाद्या डॉक्टरच्या नावाचा स्लॉट. प्रत्येक स्लॉट प्रकार २०२१ पासून एका राष्ट्रीय वर्गाला जोडावा लागतो: तातडीची तपासणी, नेहमीची तपासणी, ट्रायाज (कुणाला किती लवकर पाहायचं हे ठरवणं), घरभेट, नियोजित क्लिनिक, औषधांचा आढावा वगैरे. जोडलाच नाही तर काम ‘मॅप न केलेलं’ म्हणून दिसतं. चुकीच्या वर्गाला जोडला तर जास्त वाईट, कारण ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

उदाहरण देते. नर्स मधुमेहाच्या एका आजोबांना सांगते, ‘सहा आठवड्यांनी या, रक्त तपासू.’ रिसेप्शनवर ‘नर्स २० मिनिटं’ या स्लॉटमध्ये नोंद होते आणि तो स्लॉट नेहमीच्या तपासणीला जोडलेला असतो. आता आकडेवारीच्या दृष्टीने या आजोबांना नर्सची वेळ मिळायला सहा आठवडे लागले! प्रत्यक्षात ती भेट वैद्यकीयदृष्ट्या योग्य वेळीच ठरली होती. तीच भेट नियोजित क्लिनिकमध्ये गेली असती तर ‘भेट दोन आठवड्यांत मिळाली का’ या १४ दिवसांच्या मोजमापात धरलीच गेली नसती. या मोजमापाला २०२३-२४ पर्यंत पैसेही जोडलेले होते: दोन आठवड्यांच्या आत मिळालेल्या भेटींचं प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं की रक्कम सुरू, ९० ला पूर्ण. नुसत्या मॅपिंगमुळे हक्काच्या पैशाला मुकण्याची वेळ येऊ शकत होती.

उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. एक डॉक्टर, एक नर्स आणि रिसेप्शनवरची सगळ्यात जुनी व्यक्ती यांना एका टेबलाशी बसवा. प्रत्येक स्लॉटबद्दल विचारा: यात खरोखर काय होतं? जुने, न वापरलेले स्लॉट बंद करा. उरलेल्यांची नावं अशी ठेवा की नवीन माणसालाही नावावरून काम कळेल. नवीन स्लॉट तयार करण्याचा अधिकार दोघांपुरताच ठेवा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तोच गोंधळ.

दुसरी गळती रोजच्या सवयींत असते. डॉक्टर सकाळी फोनवर बोलतात, ‘दुपारी येऊन जा’ म्हणतात आणि दोन रुग्णांच्या मधे तपासून मोकळे होतात. बुकमध्ये फक्त फोन राहतो. फोन आणि समोरासमोरची भेट या दोन वेगळ्या अपॉइंटमेंट आहेत, दुसरीची नोंद झालीच पाहिजे. फ्लूच्या लसीकरणाला सगळ्यांची मिळून एकच ओळ टाकू नका, प्रत्येक माणसाची वेगळी नोंद हवी. जेवणाची सुट्टी किंवा मीटिंग अडवायला खोट्या रुग्णाच्या नावाने बुकिंग करू नका. आणि फोनवरच्या भेटींचं स्टेटस बदलायला डॉक्टर हमखास विसरतात. मग ती भेट झाली की नाही, हे आकड्यांत ‘अज्ञात’ राहतं. रोज संध्याकाळी बंद करण्याआधी कुणीतरी दिवसाची यादी खालीवर पाहून उघड्या नोंदी मिटवाव्यात.

एक कळकळीची विनंती. टक्केवारी वाढवायची म्हणून नेहमीच्या तपासण्या नियोजित क्लिनिकमध्ये ढकलू नका. कुणीतरी हे सुचवेलच. पाठदुखीने तीन आठवडे थांबलेल्या बाईला त्याने काही फरक पडत नाही, उलट ती थांबली होती हेच तुम्हाला दिसेनासं होतं. मग जादा डॉक्टर कुठल्या वारी हवा, हे कशावरून ठरवणार?

रिपोर्टिंगबद्दल थोडक्यात. पार्टनर डॉक्टरांसाठी, म्हणजे सर्जरीच्या मालक-डॉक्टरांसाठी, महिन्याला एक पान पुरे. एकूण संख्येऐवजी दर हजार नोंदणीकृत रुग्णांमागे किती भेटी हे द्या, म्हणजे शेजारच्या मोठ्या सर्जरीशी तुलना करता येते. त्याच दिवशी मिळालेल्या भेटी, १४ दिवसांच्या आतल्या भेटी आणि न आलेले रुग्ण हे आकडे घ्या. शिवाय तिसऱ्या उपलब्ध अपॉइंटमेंटपर्यंतचे दिवस दर सोमवारी ठरावीक वेळी मोजून लिहा. पहिली-दुसरी मोकळी वेळ कुणीतरी रद्द केल्यामुळेही मिळू शकते, तिसरी खरी परिस्थिती सांगते.

या पानावर एक रकाना आवर्जून ठेवा: अपॉइंटमेंट बुकमध्ये न दिसणारं काम. १ ऑक्टोबर २०२५ पासून रुग्णांच्या ऑनलाइन विनंत्यांची खिडकी सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० उघडी ठेवणं एनएचएसशी असलेल्या करारानेच बंधनकारक झालं आहे. त्यातली जी विनंती डॉक्टर नुसतं उत्तर पाठवून निकाली काढतात, ती अपॉइंटमेंट म्हणून नोंदली नाही तर या आकड्यांत कुठेच येत नाही. लॅबचे निकाल, हॉस्पिटलची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या यांचंही तसंच. तो रकाना पहिल्यांदा भरून पार्टनरांसमोर ठेवाल, तेव्हा मीटिंगला नेहमीपेक्षा जास्त वेळ राखून ठेवा.