सेवक, दास आणि वाढपी

प्रश्न असा आहे: मार्काच्या शुभवर्तमानात (बायबलात येशूची अशी चार चरित्रं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची; इथे १०:४३-४४) येशू शिष्यांना सांगतो की ज्याला मोठं व्हायचंय त्याने तुमचा सेवक व्हावं आणि ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सर्वांचा दास व्हावं. सेवक आणि दास ही नुसती द्विरुक्ती, की दोन्हींत काही फरक?

फरक आहे, आणि मराठीत जाणवतो त्याहून बराच बोचरा आहे.

प्रसंग आधी बघा. याकोब आणि योहान या भावांनी येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागून घ्यायचा प्रयत्न केलाय, बाकीचे दहा जण चिडलेत. (मत्तयाच्या मते ही मागणी त्यांच्या आईने केली. आईवर ढकलणं सोपं!) त्यावरचं हे उत्तर.

मूळ ग्रीकमध्ये सेवकाला ‘दियाकोनोस’ आहे. हाताखालचा माणूस, निरोप्या, आणि विशेषतः जेवताना वाढणारा. काना गावच्या लग्नात येशूच्या सांगण्यावरून रांजण पाण्याने भरतात ते दियाकोनोसच. लूकमध्ये (२२:२७) तर येशू सरळ विचारतो, मोठा कोण, जेवायला बसलेला की वाढणारा? आणि मी तुमच्यात वाढणाऱ्यासारखा आहे, म्हणतो. आपली पंगत आठवा. वरणाची बादली घेऊन दर पानापाशी कमरेत वाकणारा, कुणाचं मीठ राहिलं हे न सांगता ओळखणारा, आणि शेवटच्या पंगतीला उरेल ते घेऊन बसणारा. ‘सेवक’ म्हटलं की हल्ली चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढे येतो. मला विचाराल तर इथे ‘वाढपी’ चपखल बसतो. छापणार कोणी नाही, हे कबूल.

दासाला शब्द आहे ‘दूलोस’, म्हणजे चक्क गुलाम. वाढप्याचं ते काम असतं, घरी गेला की तो मोकळा. दूलोस दुसऱ्याच्या मालकीचा, विकता येणारा. म्हणजे मोठं व्हायचं तर वाढपी, त्याही पुढे पहिलं व्हायचं तर गुलाम, आणि ‘तुमचा’ सुद्धा नाही, ‘सर्वांचा’. पायरी दर शब्दागणिक खाली उतरते.

मराठीत ही उतरण कळत नाही, कारण आपल्या भक्तिपरंपरेने ‘दास’ गोड करून ठेवलाय. रामदास हे नाव माणूस अभिमानाने लावतो. सुरुवातीचा ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास (दूलोसच) म्हणवतो तिथे हा गोडवा शोभतो, कारण मालक थोर आहे. मार्काच्या वाक्यात मालक कोण? सगळेच, शेजारी बसलेला, जागेवरून भांडणारा तो दुसरा शिष्यही. त्यातल्या त्यात जवळचा आपला शब्द ‘दासानुदास’. पोप पहिले ग्रेगरी (५९०-६०४) स्वतःला ‘देवाच्या दासांचा दास’ म्हणवत, ते अगदी याच घडणीचं.

योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पाश्चात्त्य वाचकाला त्यातली अडचण समजावून सांगावी लागत असेल, मराठी माणसाला नाही. आपल्याकडे जावयाचे पाय धुतात, गुरूचे धुतात. पाणी नेहमी मानाच्या पायांवर पडतं. इथे गुरूच तांब्या घेऊन खाली बसलाय. पेत्र हा शिष्य म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आपल्यातला कोणीही हेच म्हणाला असता, पाय पोटाशी ओढून घेत.

जाता जाता एक गंमत. लॅटिन बायबलात या वचनातल्या दियाकोनोसचा झाला ‘मिनिस्तेर’. तो ‘मिनुस’ म्हणजे ‘कमी’वरून आला. त्याच्या उलट ‘मागिस्तेर’, ‘मागिस’ म्हणजे ‘जास्त’वरून, त्याचाच इंग्रजीमार्गे आपला मास्तर झाला आणि पोर्तुगीजमार्गे मेस्त्री. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने मास्तर वरचा, मिनिस्टर खालचा. बदलीचा अर्ज घेऊन मंत्रालयात ताटकळणाऱ्या एखाद्या मास्तरांना हे सांगून बघा.