एफएसआय वाढवल्याने घर परवडेल का? भाड्याच्या घराचाही विचार करू

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. मुंबई महानगर प्रदेशात शासनाने एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, आणखी वाढवला तर सामान्य माणसाला घर परवडेल का, ही पहिली. आणि महिना ५० हजार रुपये मिळवणाऱ्या, डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्या आपल्या कुटुंबाने म्हाडाच्या घरांच्या सोडतीची वाट पाहावी की कर्ज काढून मुंबईत घर घ्यावे, ही दुसरी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत; त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

आधी हिशेब मांडू. बांधकाम सुरू असलेल्या ज्या घराला केंद्र शासन परवडणारे मानते आणि १ एप्रिल २०१९ पासून ज्यावर केवळ १ टक्का जीएसटी घेते, त्याची कमाल किंमत ४५ लाख रुपये आहे आणि महानगरांत कमाल क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट. या दोन्ही मर्यादा एकत्र धरल्या तर चौरस फुटाला सात हजार रुपयांच्या आत दर हवा. मुंबई शहरात नवे बांधकाम या दराने कुठे मिळते, हे आपणच पाहा. तरीही ४५ लाखांचे एखादे छोटे घर मिळाले असे धरू. बँक ८० टक्के, म्हणजे ३६ लाख रुपये कर्ज देईल. उरलेले ९ लाख, मुंबईतील ६ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ७० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि जीएसटीचे ४५ हजार, असे जवळजवळ साडेबारा लाख रुपये आपल्या पदरचे लागतील. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता ३१ हजारांच्या वर जातो, म्हणजे आपल्या उत्पन्नाच्या ६२ टक्के. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील व्याज अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असून तेही ३५ लाखांपर्यंतच्या घरालाच मिळते, म्हणजे या घराला ते लागूच होत नाही. शासन ज्याला परवडणारे घर म्हणते, ते आपल्यासारख्या कुटुंबाला परवडत नाही. धोरणाची चर्चा या आकड्यांपासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आता एफएसआय. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ नुसार मूळ एफएसआय शहरात १.३३ आणि उपनगरांत १ आहे. त्यावरचे बांधकाम क्षेत्र विकासक अधिमूल्य (प्रीमियम) भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडाचा हस्तांतरणीय विकास हक्क, विकत घेऊन मिळवतो. म्हणजे वाढीव एफएसआय ही शासन आणि महापालिका विकत असलेली वस्तू आहे, आणि तिची किंमत शेवटी घर घेणाऱ्याच्या खिशातून वसूल होते. शिवाय एखाद्या भूखंडावर जास्त बांधता येणार हे कळताच जमीनमालक त्याचा भाव वाढवतो. एफएसआय वाढवू नये असे मी म्हणत नाही. रेल्वेस्थानकांजवळ तो वाढायलाच हवा. मात्र त्याच्या मोबदल्यात ठरावीक भाड्याची घरे मिळण्याची अट नसेल, तर लाभ जमीनमालक आणि विकासक यांच्यातच वाटला जातो.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हीच यंत्रणा उघड दिसते. १९९५ पासून पात्र झोपडीधारकाला मोफत घर मिळते. आधी २२५ चौरस फुटांचे, पुढे २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे. त्याचा खर्च विकासक बाजारभावाने विकण्यासाठी जी इमारत बांधतो तिच्यातून निघतो. त्यामुळे वरळी-परळसारख्या ठिकाणी, जिथे विक्रीचा दर मोठा, तिथे विकासक रांग लावतात आणि जिथे दर कमी तिथे योजना कागदावर राहते. वर्षानुवर्षे नियम पाळून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला मात्र या योजनेत स्थानच नाही. झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले, यावरूनही या योजनेची अवस्था लक्षात येते.

आपल्या धोरणातून भाड्याचे घर गळून पडले आहे, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे. याच मुंबईत १९२० च्या दशकात बीडीडीने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने) २०७ चाळी आणि त्यांत सुमारे १६ हजार खोल्या उभ्या केल्या. जमीन सरकारी, मालक सरकार, राहणारा भाडेकरू. खोली १६० चौरस फुटांची होती आणि संडास सामाईक, हे मान्य. पण गिरणीत नव्याने लागलेल्या कामगाराला कर्जाविना छप्पर मिळत होते. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते त्या काळी आवश्यकही होते, पण ते दशकानुदशके तसेच राहिल्याने मालकांनी डागडुजी थांबवली, पागडी (खोली मिळवण्यासाठी दिली जाणारी एकरकमी रक्कम) रुजली आणि भाड्यासाठी नवी इमारत बांधणे जवळपास बंद झाले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. तोपर्यंत जुन्या चाळी मोडकळीला आल्या होत्या. भाडेकरू घर सोडणार नाही, अशी मालकाला अजूनही भीती वाटते. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, त्यामागचे एक मोठे कारण ही भीती आहे.

२००८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली होती. १६० चौरस फुटांची घरे, विकासकाला चार एफएसआय. पुढे ती मूळ रूपात टिकली नाही. माझी मागणी याहून साधी आहे: शासकीय जमीन विकू नये, त्यावर शासनाने किंवा महापालिकेने भाड्याची घरे बांधावीत, भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याभोवती ठेवावे, आणि खाजगी मालकाला घर वेळेवर परत मिळण्याची खात्री द्यावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. ४५ लाखांचे घर आज घेऊ नका. म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशासाठी अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक ६ लाखांची आहे आणि आपण नेमके तिच्या काठावर आहात. पगारवाढ झाली तर अल्प गटात जाल, हे लक्षात ठेवून अर्ज करा. आमच्या संस्थेजवळ शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना अशाच एका सरकारी सोडतीत घर लागले होते. पती रिक्षा चालवतात. उत्पन्न पुरेसे होते, पण प्राप्तिकराचे विवरणपत्र कधी भरलेले नव्हते आणि सगळा व्यवहार रोखीचा. दोन बँकांनी कर्ज नाकारले आणि मुदत संपण्याच्या आत त्यांना घर परत करावे लागले. देकारपत्र घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हाती अकरा दिवस उरले होते आणि तेवढ्या वेळात काहीच करता आले नाही. म्हणून आजपासून आपण दोघांची विवरणपत्रे भरा आणि उत्पन्न बँक खात्यातून जाऊ द्या.

सध्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला आहे का, तेही तपासा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असा सर्रास समज आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. आपण जी अनामत भरली आहे, तिचा आकडा त्या करारात लिहिलेला असावा.